उपवासकाळात सवयीची सुखं सोडायची, तर नेमकं काय, किती आणि कसं?

प्रश्न: आल्हाद, पिंपरी

सर्वांना जय ख्रिस्त.

२०२७ सालचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, २८ मार्चला आहे. तयारी आधीपासून करायची म्हणून हा प्रश्न आताच टाकतो.

दर उपवासकाळात आपल्याकडे मटण, चहा, मोबाईल असं काहीतरी सोडलं जातं. पहिले आठ-दहा दिवस उत्साह असतो, मग चिडचिड सुरू होते, शेवटी दिवस मोजणं, आणि ईस्टरच्या दुपारी सगळं दुपटीनं परत. प्रवचनात ऐकतो की सवयीची सुखं सोडली की आत्मा मोकळा होतो. प्रत्यक्षात दिवसभर सोडलेल्या वस्तूचाच विचार डोक्यात राहतो. ही मोकळीक म्हणायची कशी?

काय सोडायचं हे कसं निवडावं? किती सोडावं? रविवार धरायचे की नाही? चिडचिड झाली तर रेटत राहावं की थांबावं? घरात पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सत्तरीची आई आहे. आईला मधुमेह आहे, तरी ती उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही खात नाही.

शेवटचा प्रश्न मोठा आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं असा विचार मनात आहे. उपवासकाळ हा असा निर्णय घ्यायला योग्य काळ आहे का?

स्वतःच्या अनुभवांपेक्षा पद्धत सांगितलीत तर फार उपयोग होईल.

उत्तर १: फ्रान्सिस, निर्मळ

आधी नियम, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅथलिक ख्रिस्तसभेत सक्तीचे उपास वर्षातून दोनच आहेत: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाचा दिवस. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत ते लागू असतात. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं खाणं, तेही असं की दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना आहे. आजारी माणसं, गरोदर बाया, अंगमेहनतीची कामं करणारे यांना उपासातून मोकळीक आहे. तुमच्या आईंना वयानं आणि आजारानं अशी दोन्ही बाजूंनी सूट आहे. हे त्यांना फादरांच्या तोंडून ऐकवा, मुलाचं ऐकणार नाहीत.

बाकीचं सगळं स्वखुशीचं. स्वखुशीचं आहे म्हणूनच ते आधी मापून घ्यावं लागतं.

रविवारांचा हिशोब असा: राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात, त्यात ६ रविवार. ते वगळले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास करत नाहीत. अन्नाच्या बाबतीत ही सूट जरूर घ्यावी. मोबाईल, मालिका, ऑनलाइन खरेदी यांच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. ही सवय रविवारी दोन तास उघडली तर सोमवार-मंगळवार पुन्हा पहिल्या दिवसासारखे जड जातात. तिथे रविवारही बंदच ठेवावेत.

आता निवड. बहुतेकांची चूक इथेच होते. आठवड्यातून एकदा मटण खाणाऱ्यानं मटण सोडलं तर त्याच्या आत काहीच हलत नाही. १ ते ७ फेब्रुवारी एक छोटी वही खिशात ठेवा. थकलात, अपमान झाला, कंटाळा आला, एकटं वाटलं, की हात आपोआप कशाकडे जातो तेवढं लिहा. वेळ लिहा, आणि त्याच्या आधी काय घडलं तेही दोन शब्दांत लिहा. सात दिवसांत चित्र स्पष्ट होतं. कुणाचा हात फोनकडे जातो, कुणाचा फरसाणाच्या डब्याकडे, तर कुणाचा मित्राला फोन लावून तिसऱ्याविषयी बोलण्याकडे. जे सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलं, ते एकच निवडा. तीन-चार गोष्टी एकदम सोडल्या की त्यातली कुठली गोष्ट आपल्याला धरून होती हे कधीच कळत नाही.

जेझुइट संघाचे संस्थापक, सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक फरक केला आहे, तो इथे कामाचा आहे. जास्तीचं काढून टाकणं हा संयम. योग्य तेवढ्यातूनही, प्रकृतीला धक्का न लावता, थोडं कमी करणं हे प्रायश्चित्त. आपण ज्याला मोठा त्याग समजतो तो पुष्कळदा नुसता संयम असतो. तोही चांगलाच, फक्त त्याला त्याच्या नावानं ओळखावं.

त्याच पुस्तकात जेवणाविषयी आठ नियम आहेत. शेवटचा सगळ्यांत व्यवहारी: पुढच्या जेवणात किती घ्यायचं ते आताचं जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवून टाकायचं, आणि भूक लागल्यावर ते बदलायचं नाही. फोनलाही हाच नियम लावा. उद्या किती वाजता, किती मिनिटं, कशासाठी, हे रात्रीच्या प्रार्थनेनंतर ठरवा. सकाळी फोन हातात घेऊन ठरवायला बसलात तर तुमच्या वतीनं ती सवयच निर्णय घेईल.

रोजची नोंद ठेवण्याची इग्नेशियस यांची रीतही साधी आहे. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखायच्या, एक सकाळ ते दुपार आणि दुसरी दुपार ते रात्र. सकाळी उठताना निश्चय. दिवसात जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके दुपारी आणि रात्री त्या त्या ओळीवर काढायचे. घसरल्या क्षणी हात छातीला लावायचा, चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुसरी ओळ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. ठिपके म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. एखाद्याचे नऊ ठिपके रात्री दहानंतरचेच असतील, तर त्याचा प्रश्न फोनचा कमी आणि रात्री दहा वाजता काय उरतं याचा जास्त आहे. प्रार्थना नेमकी तिथे न्यायची.

उत्तर २: मेट्रन ताई, मिरज

आल्हाद, आईंचं आधी. उपासाची भक्ती खरी आहे, म्हणूनच काळजी घ्यायची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड अशा गोळ्या चालू असतील आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही नसेल, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, एकाएकी चिडणं ही लक्षणं. ७० च्या खाली आकडा आला की उपास तिथेच संपला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. त्या गुंगीत असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर धोका वेगळा आहे: लांब उपासात रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा साखरेचा आकडा फार चढलेला नसतो म्हणून लक्षात येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागली तर थांबू नका. उपासासाठी गोळी आपल्या मनानं बंद करणं हा त्याहून वाईट उपाय. डॉक्टरांना आधी विचारा.

त्यांना शुक्रवार पाळायचाच असेल तर वेळेवर साधं जेवण, चवीचं काही नाही, आणि दुपारचा टीव्ही बंद ठेवून त्या वेळी एखाद्या एकट्या शेजारणीकडे जाऊन बसणं. देवाला यात कमी पोचतं असं समजायचं कारण नाही.

आता चहा-कॉफी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची चिडचिड पुष्कळांची आध्यात्मिक नसते, ती कॅफीनची असते. एकदम बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत त्रास सर्वांत जास्त असतो, आणि तो २ ते ९ दिवस टिकू शकतो. राखेच्या बुधवारी सोडायचा असेल तर ३१ जानेवारीपासून उतरवायला लागा. दिवसाला चार कप असतील तर तीन दिवस तीन, मग तीन दिवस दोन, मग तीन दिवस एक, शेवटच्या दिवशी अर्धा. पाणी वाढवा, झोप कापू नका. असं केलंत तर १० तारखेला डोकं धरून बसायची वेळ येणार नाही, आणि त्यानंतर जी ओढ उरेल ती खरी सवयीची असेल. पारखायची आहे ती तीच.

झोपेच्या बाबतीत तरुण मंडळी उत्साहानं रात्री जागतात. सहा तासांच्या खाली सलग आठवडाभर जाऊ नका. दुचाकीवर कामाला जाणाऱ्यांनी तर नाहीच.

उत्तर ३: प्रभाकर, अहिल्यानगर

फ्रान्सिसभाऊंनी सविस्तर लिहिलंय, पण एक पाऊल मागे जाऊन बोलायला हवं. बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. हात लावू नको, चाखू नको, शिवू नको, असे नियम वरून शहाणपणाचे दिसतात, पण देहाच्या लालसेला आवरण्याची ताकद त्यांत नाही, असं पौल स्पष्ट सांगतो. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपवासकाळ सक्तीचा नसण्याचं मूळ इथे आहे.

१५२२ च्या मार्चमध्ये झुरिकमध्ये छापखानेवाल्या फ्रोशाउअरच्या घरी उपवासकाळातच सॉसेज खाल्ले गेले. पौलाच्या पत्रांच्या छपाईच्या कामानं थकलेले त्याचे कामगार तिथे होते. तिथला प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्लीही होता, त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण दोन आठवड्यांनी अन्नाच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिलं: उपास करायचा असेल तर कर, मात्र दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला त्याची मोकळीक राहू दे. त्याच महिन्यात, २४ मार्चच्या रात्री, स्पेनमधल्या मोंसेरातला इग्नेशियसनं अंगावरचे उंची कपडे उतरवून एका भिकाऱ्याला दिले आणि गोणपाट घातलं. एकीकडे खाण्याचं स्वातंत्र्य, दुसरीकडे सोडण्याचं. मी झ्विंग्लीच्या बाजूचा आहे, तरी सोडणं निरर्थक आहे असं माझं म्हणणं नाही. सोडण्यानं देवाकडे आपलं काही जमा होत नाही, एवढंच ठाम आहे.

आल्हादभाऊ, तुमच्या ‘सोडलेल्या वस्तूचाच विचार’ या तक्रारीचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानात, ११:२४-२६ मध्ये आहे. भूत निघून गेलं, घर झाडून नीटनेटकं झालं, पण आत कुणी राहायला आलं नाही. मग ते आणखी सात घेऊन परतलं. नुसती जागा रिकामी केली की हेच होतं. इन्स्टाग्राम काढलं आणि यूट्यूब वाढलं. मटण सोडलं आणि शुक्रवारी पनीरची पार्टी झाली. म्हणून सोडण्याच्या आधी तिथे काय बसवायचं ते लिहून ठेवा, आणि ते त्याच वेळी, त्याच जागी, तेवढ्याच मिनिटांचं असू द्या.

फोनपुरतं सांगतो. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर, स्वयंपाकघरात. गजरासाठी दोन-तीनशे रुपयांचं साधं घड्याळ. ‘गजर फोनमध्ये आहे’ ही एकच सबब सगळी योजना मोडते. ऑफिसचे ग्रुप, बँकेची कामं, पैसे देण्याचं ॲप चालू ठेवा, बाकीच्यांच्या सूचना बंद. पडदा काळा-पांढरा करून ठेवला की ओढ बरीच उतरते. घरच्यांना आणि जवळच्या चार माणसांना सांगा की तातडीचं असेल तर कॉल करा. मग उशाशी छापील बायबल आणि रात्री २० मिनिटं मार्कचं शुभवर्तमान. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तरी ४० दिवसांत पूर्ण होऊन मुलांबरोबर पुन्हा वाचायला वेळ उरतो.

पैशाचंही तसंच. बाहेरचा चहा-नाष्टा रोज ४० रुपयांचा सोडलात तर ४० दिवसांचे १६०० होतात. ते खात्यात शिल्लक दिसले की ईस्टरचे कपडे ठरतात. रोजच्या रोज रोख पाकिटात टाका आणि दर शनिवारी पाकीट रिकामं करा. वाळवंटात इस्राएल लोकांना देवानं रोज दिलेलं अन्न, मान्ना, उद्यासाठी ठेवला की किडत असे, निर्गम १६ मध्ये आहे. यशया ५८ वाचलंत तर उपासाचा अर्थच भुकेल्याला भाकर वाटणं असा येतो. ज्याचे पैसे कुणाच्या ताटापर्यंत पोचत नाहीत अशा उपासाला मी तरी अर्धाच म्हणतो.

उत्तर ४: फ्रान्सिस, निर्मळ

प्रभाकरभाऊ, लूकचा दाखला अगदी योग्य जागी दिलात. आमच्याकडेही प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही तीन एकत्रच शिकवतात, मत्तयच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे. फक्त उपास उचलला आणि बाकी दोन टाकली तर तुम्ही म्हणता तेच होतं. दानासाठी बहुतेक धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा असते, आजूबाजूच्या गरजू घरांची माहिती त्यांच्याकडे मिळते.

एका बाबतीत मात्र मी वेगळं म्हणेन. नियम लालसेला मारत नाही हे कबूल, पण ती कुठे लपली आहे ते तो दाखवतो. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले, आणि बायबलच्या गणना ११ मध्ये रडतात कशासाठी? मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. तिथला चाबूक ते विसरले, तिथला लसूण आठवला. वस्तू हातात असेपर्यंत तिची पकड कळत नाही. आल्हाद, सोडलेल्या वस्तूचा विचार दिवसभर येतो हे तुम्ही अपयश म्हणून लिहिलंत. मला वाटतं उपासाचं काम तिथे नुकतं सुरू झालेलं असतं. त्या विचाराला हाकलू नका आणि कुरवाळूही नका, प्रभूसमोर जशाच्या तसा ठेवा: “मला आत्ता हे हवंय, आणि याच्याशिवाय मी अस्वस्थ आहे.” एवढीच प्रार्थना पुरते.

रेटायचं की थांबायचं, याबद्दल. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियसनं एका विशिष्ट कंटाळ्याचं वर्णन केलं आहे. तो साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान येतो. सूर्य हलत नाहीसा वाटतो, साधक खिडकीकडे पाहत राहतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, मग ही जागाच वाईट आहे, इथली माणसं प्रेमळ नाहीत, दुसरीकडे गेलो तर देव सापडेल, असे विचार सुरू होतात. ऑफिसात दुपारी बारा वाजता फोनकडे जाणारा हात याच कंटाळ्याचा असतो. इथे रेटायचं. इग्नेशियसचा सल्ला आहे की मन कोरडं पडलेलं असताना तासाची प्रार्थना तासापेक्षा जराशी जास्तच करावी, कमी नाही. २० मिनिटं ठरवली असतील तर २१ बसा. आणि अशा कोरड्या दिवसांत आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही, हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम. तिसऱ्या आठवड्यात ‘चहाऐवजी गोड सोडतो’ असं वाटू लागलं तर तो बदल त्या आठवड्यात करू नका.

पण दोन खुणा दिसल्या की कमी करायचं. एक म्हणजे शरीर बिघडलं. स्पेनमधल्या मान्रेसा गावी इग्नेशियसनं इतके कडक उपास केले की पोटाचं दुखणं जन्मभर मागे लागलं. पुढे आपल्या लोकांना ते कायम मध्यम मार्ग सांगत राहिले. तिथेच रात्री झोपायला गेलं की फार गोड आध्यात्मिक विचार येत आणि झोपेची वेळ खाऊन टाकत, तेव्हा देवासाठी दिवसभर इतका वेळ दिलेला असताना हे विचार झोपेच्याच वेळी का यावेत, असं पारखून त्यांनी झोपणंच पसंत केलं. प्राचीन काळचा ख्रिस्ती साधू-लेखक जॉन कॅसियननं नोंदवलेल्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्या साधूंचं म्हणणंही तेच: अति उपास आणि अति खाणं शेवटी एकाच जागी नेऊन सोडतात. त्यांचं रोजचं माप दोन छोट्या कोरड्या पावांचं होतं, दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅम. आणि माप नियमित ठेवण्यावर त्यांचा भर होता, आज काही नाही आणि उद्या ढीगभर असं नाही.

दुसरी खूण म्हणजे आपल्या त्यागाची किंमत दुसऱ्यानं भरणं. प्रभाकरभाऊंनी सांगितलेल्या त्या भिकाऱ्याचं पुढे काय झालं ते पाहा. उंची कपडे चोरले असा संशय घेऊन लोकांनी त्याला छळलं. हे कळलं तेव्हा इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही चहा सोडलात आणि मुलं सकाळी तुमच्या ओरडण्याला घाबरत असतील, पत्नीला दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत असतील, तर त्याग त्यांचा होतोय. तेव्हा माप निम्मं करा. घरात आधी विचारूनच ठरवलंत तर उत्तम.

प्रतिसाद: आल्हाद

सगळ्यांचे आभार. आईला घेऊन या रविवारी फादरांकडे आणि नंतर डॉक्टरांकडे जातो. वहीचं कळलं, तेही करणार. नोकरीच्या प्रश्नावर कुणी लिहील का? पत्नीचा विरोध नाही, पण ती घाबरलेली आहे. घराचं कर्ज आहे.

उत्तर ५: शालिनी, सातारा

आल्हाद, निर्णय उपवासकाळात घ्यावा का, याचं थेट उत्तर: विचार या ४० दिवसांत करा, राजीनामा देऊ नका. फ्रान्सिसभाऊंनी कोरड्या दिवसांचा नियम सांगितला. त्याची दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे: मन भरून आलेलं असताना घाईनं वचन किंवा शपथ घेऊ नये. उत्तम शुक्रवारच्या उपासनेतून बाहेर पडताना घेतलेले निर्णय या कारणानं तपासून घ्यावे लागतात.

सातारचं उदाहरण जवळचं आहे म्हणून देते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ चा. अमेरिकन मराठी मिशनचा पगार त्यांनी सोडला १९१७ मध्ये आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येऊ शकत होते. मधे बावीस वर्षं गेली. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला तो घरदार आणि माणसं टाकून नव्हे, पगार आणि त्याबरोबर येणारी सुरक्षितता टाकून. ९ मे १९१९ ला ते गेले, म्हणजे दरबाराला त्यांची दोनच वर्षं मिळाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यांच्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. नवऱ्याच्या उडीमागे फरफटत जाणं आणि स्वतःच्या पायांनी चालत येणं यातलं अंतर त्या पाच वर्षांत दिसतं. तुमच्या पत्नींची भीती अडथळा समजू नका. विचारात कुठे भोक आहे ते ती दाखवते आहे.

मत्तय १९ मधल्या श्रीमंत तरुणाचं वचन प्रार्थनामंदिरात ऐकून इजिप्तच्या अँथनींनी तिसऱ्या शतकात वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. तरी धाकट्या बहिणीसाठी आधी थोडं राखून ठेवलं, आणि पुढे तेही दिलं तेव्हा तिला विश्वासू स्त्रियांच्या हाती सोपवून मगच बाहेर पडले. मार्क ७ मध्ये आईवडिलांचा वाटा ‘देवाला वाहिला’ म्हणणाऱ्यांवर येशू किती कडक बोलतो ते आठवा. तुमच्या आईंची औषधं हा या निर्णयाचा भाग आहे.

इग्नेशियसच्या साधनेत तीन प्रकारच्या माणसांवर मनन आहे. तिघांनाही दहा हजार ड्युकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळालेत आणि तिघांनाही त्या पैशाच्या ओढीतून सुटायचं आहे. पहिला सुटायचं म्हणतो, पण मरेपर्यंत काही करत नाही. दुसऱ्याला ओढ जायला हवी, मात्र पैसे राहायला हवेत, देवानंच त्याच्या मताकडे यावं अशी त्याची इच्छा. तिसरा ठेवण्याचाही हट्ट धरत नाही आणि टाकण्याचाही. जे देवाच्या अधिक सेवेचं ठरेल ते. यात एक गोष्ट निसटून जाते: टाकण्याचा हट्ट हाही हट्टच आहे. साहेबाचा जाच, कंटाळवाणं काम, यांतून पळायला ‘पूर्णवेळ सेवा’ हे नाव फार सोयीचं पडतं. तपासायचा प्रश्न असा: उद्या हीच नोकरी चांगली झाली, पगार वाढला, साहेब बदलला, तर हा विचार टिकेल का?

कागदावर चार रकाने करा. नोकरी ठेवण्याचे फायदे, ठेवण्याचे धोके, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे धोके. रोज फक्त एका रकान्यात लिहा. पत्नींनाही वेगळा कागद द्या, आणि महिनाभर एकमेकांचे वाचू नका. मग दोन कागद शेजारी ठेवून पाळकांसमोर किंवा फादरांसमोर बसा. हीच अडचण घेऊन एखादा अनोळखी माणूस तुमच्याकडे आला असता तर त्याला काय सांगितलं असतंत, तेही लिहा.

लूक १४:२८ प्रमाणे बुरूज बांधायच्या आधी खर्च मांडा. कर्जाचे हप्ते किती उरलेत, ऑफिसचा आरोग्यविमा गेल्यावर आईंना नवीन विमा मिळेल का आणि आधीच्या आजारासाठी किती वर्षं थांबावं लागेल, मुलांची फी, आणि किमान बारा महिन्यांचा घरखर्च हाताशी आहे का. भविष्य निर्वाह निधी मोडून पहिलं वर्ष काढायचा बेत असेल तर दुसऱ्या वर्षाचं काय, हे आत्ताच लिहा.

आणि ती सेवा नक्की कोणती? झोपडपट्टीतली शाळा, तुरुंगातल्या भेटी, वचनाची सेवा, जी असेल ती दोन आठवडे रजा घेऊन रोज आठ तास करा. प्रार्थना करायला लावणारी कामं यात कमी असतात. फाईली, फोन, उशिरा येणारी माणसं, पैशांचा हिशोब हेच जास्त. तेवढ्यात मन रमलं तर विचारात दम आहे. नोकरी न सोडता जाण्याचेही मार्ग आहेत. कॅथलिक असाल तर विवाहित पुरुषाला कायमचा डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, होता येतं, वय किमान ३५ आणि पत्नीची संमती या अटी आहेत, मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन सेवा करत आहेत. प्रोटेस्टंट असाल तर पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, तिथे अभ्यासक्रमांची चौकशी करा.

उत्तर ६: प्रभाकर, अहिल्यानगर

शालिनीताईंच्या लिहिण्याला माझं पूर्ण अनुमोदन. एक राहिलेलं सांगतो, ईस्टरनंतरचं. २८ मार्चच्या दुपारी सगळं दुपटीनं परत येतं असं तुम्ही लिहिलंत, त्याचं कारण परत काय घ्यायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे २१ मार्चला, वही उघडून बसा. सोडलेली गोष्ट किती, केव्हा आणि कुणाबरोबर परत घ्यायची, ते लिहा. चहा घ्यायचा असेल तर सकाळचा एक, पत्नीबरोबर बसून. फोन घ्यायचा असेल तर जेवणाच्या ताटाशी आणि अंथरुणात नाही, हे दोन नियम तसेच चालू. रात्रीचं मार्कचं वाचन काढू नका, त्याच्या जागी प्रेषितांची कृत्ये धरा, २८ अध्याय आहेत, पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, तिथपर्यंतच्या पन्नास दिवसांना आरामात पुरतात.